आधी नोंदणीची अक्षरे, मग परवाना

‘युरोपचं लायसन्स काढलं की ते इंग्लंडमध्येही चालतं ना?’ वैमानिक होऊ पाहणारी मुले आणि त्यांचे आईवडील हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. २०२० साल संपेपर्यंत त्याचे उत्तर ‘हो’ असे होते. १ जानेवारी २०२१ पासून ते ‘नाही’ आहे. तरीही जुनी माहितीपत्रके, जुने व्हिडिओ आणि ओळखीतला एखादा सीनियर अजून ‘हो’ म्हणूनच सांगतो. त्या ‘हो’च्या भरवशावर शेत गहाण पडते, म्हणून हा लेख.

खानदेशात हा प्रश्न उगाच येत नाही. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण चालते, शिरपूरला एसव्हीकेएमची अकादमी आहे आणि जळगाव विमानतळावरही आता शिकाऊ विमाने घिरट्या घालतात. मोठ्या शहरांना न मिळालेली ही सोय आपल्याकडे आहे. त्यामुळे बारावी झालेल्या मुलाला कॉकपिट दूरचे वाटत नाही. अडचण परवाना हातात आल्यावर सुरू होते. देशात जागा निघेपर्यंत थांबायचे की बाहेर बघायचे? आणि बाहेर म्हणजे नेमके कुठे?

दुसरा प्रश्न संख्येने कमी, पण गोंधळाने भारी. तुर्कस्तानातल्या कप्पाडोशियाचे बलून मोबाइलवर पाहून काही तरुण विचारतात, ‘हे काम आपल्याला जमेल का? विमानाच्या लायसन्सवर बलून उडवता येतो का?’ या लेखात दोन्ही प्रश्न एकत्र घेतले आहेत. ब्रेक्झिटने, म्हणजे ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याने, वैमानिकाच्या पोटापाण्याचे काय केले, ते बलूनवाल्यांच्या उदाहरणावरून सगळ्यात स्वच्छ दिसते.

नेमके काय बदलले

ब्रिटन युरोपीय संघातून ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडला. त्यानंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि त्याच दिवशी ब्रिटन ईएएसए या युरोपीय हवाई सुरक्षा संस्थेच्या व्यवस्थेतूनही बाहेर पडला. तोवर लंडनहून मिळालेला परवाना जर्मनीच्या विमानावर आणि जर्मनीचा परवाना ब्रिटिश विमानावर चालत असे. त्या रात्रीनंतर एका परवान्याचे दोन झाले. एक ब्रिटनच्या सीएए या हवाई प्राधिकरणाचा, दुसरा युरोपचा.

ब्रिटनने युरोपीय परवाने आपल्या विमानांवर आणखी दोन वर्षे, म्हणजे ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत, चालवून घेतले. युरोपने तशी सवलत उलट बाजूने दिली नाही. ज्यांना वारे आधी कळले त्या ब्रिटिश वैमानिकांनी २०२० संपण्याआधीच आपली परवान्याची फाइल आयर्लंड किंवा ऑस्ट्रियाकडे हलवून घेतली. जे थांबले ते युरोपच्या दृष्टीने ‘तिसऱ्या देशाचे’ ठरले, म्हणजे भारतीय परवानाधारक ज्या रांगेत उभा असतो त्याच रांगेत. एका अर्थाने ब्रेक्झिटने तुमचे नुकसान केले नाही, ब्रिटिश वैमानिकाला तुमच्या शेजारी आणून उभे केले. तुमचे नुकसान वेगळे आहे. आधी एका खर्चात दोन बाजारपेठा मिळत होत्या, आता एक मिळते.

युरोप म्हणजे इथे संघाचे २७ देश आणि शिवाय आइसलँड, नॉर्वे, लिश्टेनस्टाइन, स्वित्झर्लंड असे एकूण ३१. या ३१ पैकी कोणत्याही देशाने दिलेला परवाना बाकीच्या तीस देशांत चालतो.

तीन कुलपे, तीन किल्ल्या

ज्या चौकशा येतात त्यातल्या बहुतेकांत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. त्या सुट्या करून घ्या.

१. परवाना. कोणते यान कोणी चालवायचे, हे सांगणारा कागद.
२. यानाची नोंदणी. १९४४ च्या शिकागो करारानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाणावरील वैमानिकाकडे त्या यानाची नोंदणी ज्या देशात आहे त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना असावा लागतो. बलूनलाही हेच लागू आहे.
३. काम करण्याचा हक्क. व्हिसा, वर्क परमिट किंवा नागरिकत्व. याचा हवाई खात्याशी काही संबंध नाही. ते काम गृहखात्याचे.

ब्रेक्झिटने ब्रिटिश माणसाच्या तिन्ही किल्ल्या एकाच दिवशी बदलल्या म्हणून तिकडे एवढा आरडाओरडा झाला. आपल्याकडे तिसरी किल्ली कधी नव्हतीच. पण आपला विद्यार्थी पहिली किल्ली मिळाली की दार उघडले असे धरून चालतो, आणि एजंटही त्याला तसेच धरू देतो.

यातून एक सोपी सवय निघते. नोकरीची जाहिरात पाहिली की त्या कंपनीच्या विमानांवरची किंवा बलूनवरची नोंदणीची पहिली अक्षरे शोधा. भारताची व्हीटी, ब्रिटनची जी, जर्मनीची डी, फ्रान्सची एफ, आयर्लंडची ईआय, ऑस्ट्रियाची ओई, तुर्कस्तानची टीसी, अमिरातींची ए६, केनियाची ५वाय. तुम्हाला कोणता परवाना लागेल ते ही अक्षरे सांगतात. कंपनीचे मुख्यालय कुठे आहे, मालक कोण, जाहिरात कोणत्या भाषेत आहे, यावरून ते कळत नाही.

इझीजेटचे उदाहरण घ्या. कंपनी ब्रिटिश. पण ब्रेक्झिटची चाहूल लागताच तिने २०१७ मध्ये व्हिएन्नात ऑस्ट्रियन शाखा काढली आणि विमाने वाटून टाकली. आता ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तीन नोंदण्यांची विमाने एकाच नारिंगी रंगात उडतात. ‘मला इझीजेटमध्ये जायचंय’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कोणत्या इझीजेटमध्ये, ते आधी ठरायला हवे.

बलूनवाल्यांचे काय झाले

बलूनच्या धंद्यात कंपन्या लहान असतात आणि वैमानिक हंगामाप्रमाणे फिरतो. उन्हाळ्यात इंग्लंड किंवा फ्रान्स, हिवाळ्यात आल्प्समधले मेळे, मग आफ्रिका किंवा आशिया. ब्रिटिश वैमानिकाला फ्रान्समध्ये दोन महिन्यांचे काम मिळाले तर तो गाडीत सामान टाकून निघत असे. परवाना चालत होता, व्हिसा लागत नव्हता.

आता फ्रान्समध्ये नोंदलेल्या बलूनवर त्याचा ब्रिटिश परवाना पुरत नाही. युरोपने बलून परवान्यांसाठी ८ एप्रिल २०२० पासून स्वतंत्र नियमावली लागू केली. ब्रिटनने ती आपल्या कायद्यात उतरवून घेतली, त्यामुळे दोन्हीकडचे नियम दिसायला भावाभावांसारखे आहेत. पण परवाना देणारी सही वेगळी, म्हणून कागद वेगळा. शिवाय ब्रिटिश पासपोर्टवर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि त्या ९० दिवसांत पगारी काम करता येईल की नाही ते प्रत्येक देश आपापले ठरवतो. मोठी विमान कंपनी अशा वेळी वकील लावते. दोन बलून आणि एक ट्रेलर असलेला मालक काय करणार? तो स्थानिक वैमानिक शोधतो.

आपल्याकडच्या बलूनप्रेमींनी हे नीट वाचावे. आंतरराष्ट्रीय अनुभव असलेला ब्रिटिश वैमानिक जिथे अडला, तिथे ‘बलूनचा कोर्स करा, युरोपात हंगामी काम मिळेल’ असे तुम्हाला सांगणारा माणूस एकतर जुन्या माहितीवर बोलतो आहे किंवा फी घेण्यापुरता बोलतो आहे.

तरीही मार्ग आहेच. युरोपीय बलून परवान्याचा हिशोब ढोबळमानाने असा :

- परवान्यासाठी किमान वय १६. प्रवाशांना पैसे घेऊन नेण्याच्या व्यावसायिक मानांकनासाठी १८.
- परवान्यासाठी किमान १६ तासांचे उड्डाण प्रशिक्षण, त्यातले १२ तास प्रशिक्षकासोबत. १० वेळा बलून फुगवणे, २० उड्डाणे व उतरणे, आणि देखरेखीखाली एक एकट्याचे उड्डाण.
- व्यावसायिक मानांकनाआधी मुख्य वैमानिक म्हणून ५० तास आणि ५० उड्डाणे-उतरणे.
- व्यावसायिक कामासाठी वर्ग २ ची वैद्यकीय तपासणी.
- सुरुवातीचा परवाना साधारणपणे ३,४०० घनमीटरपर्यंतच्या बलूनचा. कप्पाडोशियात दिसतात तसल्या मोठ्या टोपल्यांसाठी आणखी तास आणि वरच्या गटाचे प्रशिक्षण लागते. पगार त्या मोठ्या टोपल्यांतच आहे.

विमानाच्या सीपीएलवर (व्यावसायिक वैमानिक परवान्यावर) बलून उडवता येत नाही. प्रकारच वेगळा आहे. उलटही तसेच.

बलून हे आपल्या मातीला अगदी परके नाही. विजयपत सिंघानियांनी २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून उड्डाण करून सुमारे २१ किलोमीटर उंची गाठली आणि ते उतरले सिन्नरकडच्या पांचाळे गावात. तो बलून ब्रिस्टलच्या कॅमेरॉन कंपनीने बांधला होता. लोणावळा-कामशेत भागात पर्यटकांसाठी बलून उडाले आहेत आणि तमिळनाडूत पोल्लाचीला आंतरराष्ट्रीय बलून महोत्सव भरतो. पण बलून वैमानिकाला वर्षभर पोसेल एवढा धंदा देशात नाही, आणि खानदेशात तर बलून शिकवणारी संस्थाच नाही. त्यात जळगावचा मे महिना. बाहेरची हवाच इतकी तापलेली की बलूनमधल्या गरम हवेला उचलायला फरक कमी उरतो. पावसाळ्याचे चार महिने तर सोडूनच द्या. हौस म्हणून करायचे असेल तर जरूर करा, कर्ज काढून करू नका.

एक बाब मात्र तुमच्या फायद्याची आहे. विदेशी वैमानिकाला व्हीटी नोंदणीचे यान चालवायचे असेल तर डीजीसीएची, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, तात्पुरती परवानगी लागते. म्हणजे भारतातल्या बलून कंपनीला परदेशी माणूस आणण्यापेक्षा भारतीय परवान्याचा माणूस सोपा पडतो. बलूनमध्ये खरोखर रस असेल तर ‘आधी युरोप, मग भारत’ यापेक्षा देशातल्या चालू कंपनीत जमिनीवरच्या पथकातून शिरणे अधिक शहाणपणाचे. जगभर बलून वैमानिक दोर धरण्यापासूनच शिकत आलेले आहेत.

तुमच्याकडे डीजीसीएचा सीपीएल आहे. आता पुढे?

धुळे, शिरपूर किंवा जळगावला शिकून तुमच्याकडे २०० तासांचा भारतीय सीपीएल असेल तर तो जगभर ओळखला जातो, पण तो ‘बदलून’ मिळत नाही. सरळ अदलाबदल नावाची गोष्ट ब्रिटनमध्ये नाही आणि युरोपातही नाही. क्रम असा ठेवा.

पहिले, वैद्यकीय तपासणी. फी भरण्याआधी. डीजीसीएचा वर्ग १ ब्रिटनला चालत नाही, ब्रिटनचा युरोपला चालत नाही. रंगदृष्टी, चष्म्याचा नंबर, जुनी शस्त्रक्रिया यांबाबत एका ठिकाणी ‘फिट’ ठरलेला माणूस दुसरीकडे अडकू शकतो. लेखी परीक्षांवर वर्ष घालवून मग हे कळणे फार महागात पडते.

दुसरे, लेखी परीक्षा. एटीपीएल (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स) पातळीचे १३ विषय, प्रत्येकात ७५ टक्के. डीजीसीएच्या ७० टक्क्यांच्या सवयीने जाऊ नका. आणि ब्रेक्झिटचा सगळ्यात मोठा टोला इथेच बसतो. ब्रिटनमध्ये दिलेले १३ पेपर युरोपच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत आणि युरोपात दिलेले ब्रिटनसाठी धरले जात नाहीत. अभ्यासक्रम जवळजवळ एकच, पण दोन्ही परवाने हवे असतील तर पेपर दोनदा आणि फी दोनदा. काही ब्रिटिश शाळांनी दोन्हीकडची मान्यता घेतली आहे आणि त्या दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र करून घेतात. वेळ त्याने वाचतो, परीक्षा शुल्क वाचत नाही. सीपीएलसाठी या परीक्षांचा निकाल ३६ महिने चालतो. पेपर देऊन पैशांची जुळवाजुळव करत बसलात तर मुदत तुमच्यासाठी थांबत नाही.

तिसरे, प्रशिक्षण व चाचणी. तुमचे तास पाहून मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्था किती उड्डाण करायला लावायचे ते ठरवते. मग त्या देशाच्या परीक्षकासमोर चाचणी. इथे लॉगबुक बोलते. न उडता नुसते पेनाने भरलेले तास पहिल्या दोन उड्डाणांतच उघडे पडतात, कारण समोरचा प्रशिक्षक तुमचा हात पाहतो, वही नाही. आणि नोंद खोटी निघाली तर ते प्रकरण अकुशलतेवर थांबत नाही, फसवणुकीवर जाते.

चौथे, पडताळणी. परदेशी प्राधिकरण तुमचा परवाना खरा आहे का, हे डीजीसीएला विचारते. डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरचे तुमचे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असेल तरी फाइल अडकते. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव एक आणि आधारवर वडिलांच्या नावासकट दुसरे, हे नेहमीचे. ते आधी सरळ करून घ्या.

मोठ्या विमानांचे हजारो तास गाठीशी असलेल्यांना वेगळ्या सवलती असतात. २०० तासांच्या नव्या सीपीएलवाल्याने त्या वाचून आशा लावू नये.

मग कोणता घ्यावा : ब्रिटनचा की युरोपचा?

मला विचाराल तर बहुतेकांना सध्या दोन्ही नको. आधी भारतीय परवान्यावर, भारतीय नोंदणीच्या विमानावर तास करा. आखाताकडची दारे कोवळ्या परदेशी परवान्यापेक्षा अनुभवाला लवकर उघडतात. तरीही परदेशी परवाना घ्यायचाच असेल तर हे बघा :

- तुमच्याकडे आयरिश पासपोर्ट असेल तर तुम्ही भाग्यवान. आयरिश नागरिकाला ब्रिटन आणि युरोपीय संघ दोन्हीकडे काम करता येते. तुम्ही युरोपीय परवाना घ्या.
- ब्रिटिश पासपोर्ट असेल (स्लाऊ किंवा लेस्टरला वाढलेली आपली पुढची पिढी इथे येते) तर ब्रिटनचा परवाना. २०२० पर्यंत या मुलांना पॅरिस-मिलानमध्ये सहज काम करता येत होते, आता येत नाही. गावाकडच्या मामा-काकांनी ‘तिकडचा पासपोर्ट आहे ना, मग युरोप मोकळा’ असा सल्ला देणे थांबवावे.
- फक्त भारतीय पासपोर्ट असेल तर आधी प्रायोजक कंपनी, मग परवाना. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी नोकरी देणाऱ्याकडे प्रायोजकाचा परवाना लागतो आणि २२ जुलै २०२५ पासून या व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे. नवख्या वैमानिकासाठी हा खर्च आणि खटाटोप करायला कंपनी का तयार होईल, याचे उत्तर तुमच्याकडे हवे.

युरोपात फिरण्याच्या व्हिसावर ‘थोडं काम करून बघू’ हा विचार तर मनातूनही काढा. शेंगेन सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन येण्या-जाण्याची डिजिटल नोंद सुरू झाली आहे. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के मोजावे लागत. आता मुदतीपेक्षा जास्त राहिलेला दिवस यंत्र आपोआप दाखवते.

परत यायचे असेल तर

काहीजण उलट करतात. थेट परदेशात शिकतात आणि परवाना घेऊन घरी येतात. व्हीटी विमानासाठी तो डीजीसीएकडे रूपांतरित करावा लागतो. जाण्याआधी डीजीसीएचा संगणक क्रमांक आणि वर्ग १ ची तपासणी उरकून ठेवा. बारावीला भौतिकशास्त्र व गणित नसेल तर मुक्त विद्यालयातून ते विषय देण्याचा मार्ग अनेकजण घेतात. तेही जाण्याआधीच. परतल्यावर भारतीय हवाई नियमांचा पेपर, नेव्हिगेशन-हवामानाचा एकत्रित पेपर, चाचणी उड्डाण आणि परदेशी प्राधिकरणाकडून पडताळणी असा क्रम असतो. पडताळणीचे पत्र यायला वेळ लागतो, त्यात तुमचे मागचे उड्डाण जुने होत जाते आणि पुन्हा तास करावे लागतात. ही साखळी घरच्यांना आधी समजावून सांगा, म्हणजे ‘दोन वर्षं झाली, अजून नोकरी नाही?’ हा प्रश्न निदान वेळेवर येईल.

एक बरी बातमी. ऑक्टोबर २०२३ च्या दुरुस्तीने भारतीय सीपीएलची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे झाली. त्यामुळे परदेशात असताना भारतीय परवाना जिवंत ठेवण्याची धावपळ कमी झाली आहे. पण वैद्यकीय प्रमाणपत्र आणि अलीकडचा उड्डाण-अनुभव या अटी तशाच आहेत.

ही वाक्ये ऐकलीत तर थांबा

*‘आमची शाळा ईएएसएची आहे, लायसन्स ईएएसएच देते.’* ईएएसए व्यक्तीला परवाना देत नाही. तो त्या-त्या देशाचे प्राधिकरण देते. विचारा : कोणता देश? मान्यतापत्राचा क्रमांक काय? मग तो क्रमांक त्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा.

*‘कोर्स संपला की फ्रोझन एटीपीएल मिळतो.’* असा वेगळा परवाना नाही. सीपीएल आणि एटीपीएलचे पास झालेले पेपर, एवढाच त्याचा अर्थ.

*‘विद्यार्थी व्हिसाचं आम्ही बघतो.’* ब्रिटनचे गृहखाते विद्यार्थ्यांना आणि कामगारांना प्रायोजित करू शकणाऱ्या संस्थांची यादी जाहीर करते. शाळेचे नाव त्या यादीत शोधा. नसेल तर ‘आम्ही बघतो’ म्हणजे कोण बघतो?

*‘आज भरले तर सूट.’* उड्डाणाची फी टप्प्यांत भरा, झालेल्या तासांच्या हिशोबाने. विमान नादुरुस्त, हवामान खराब, प्रशिक्षक सोडून गेला, या तिन्ही कारणांनी कोर्स लांबतो. आगाऊ भरलेले पैसे मात्र तिकडेच असतात. परदेशात पैसे पाठवताना बँकेतूनच पाठवा, संस्थेच्या नावावर, एजंटच्या नाही. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. मर्यादेत असताना हवालासारख्या वाटा शोधायचे कारणच नाही.

तुमचे हक्क, आणि ते कुठे मागायचे

प्रशिक्षणाच्या नोंदी तुमच्याच आहेत. युरोपीय नियमांनुसार संस्थेला विद्यार्थ्याच्या नोंदी प्रशिक्षण संपल्यावर किमान तीन वर्षे ठेवाव्या लागतात. शाळा बदलताना किंवा बंद पडण्याची कुणकुण लागताच साक्षांकित प्रती मागून घ्या. तोंडी नको, ईमेलने.

परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी हवी. ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येते. ‘पायलटच्या जागेसाठी’ लाखांची मागणी झाली तर ती सेवा नव्हे. शिक्षणासाठी पाठवणारे सल्लागार या नोंदणीत येत नाहीत, त्यामुळे तिथे लेखी करार हेच तुमचे हत्यार. करारात तीन ओळी घालून घ्या : कोणत्या देशाचा परवाना मिळणार, परताव्याची अट काय, आणि व्हिसा नाकारला तर किती रक्कम परत.

फसवणूक झालीच तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे तो आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यात, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, सल्लागाराचे ऑफिस पुण्यात किंवा दिल्लीत असले तरी. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही ती दाखल होते. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येतात की नाही यावर न्यायालयांत वाद आहे. म्हणून तक्रार शाळेच्या शिकवण्याबद्दल न करता सल्लागाराने पैसे घेऊन दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल मांडलेली बरी. वकिलाशी बोलताना हा मुद्दा आधी काढा. पैसे घेऊन कोणी गायबच झाला असेल तर ग्राहक आयोगाची वाट न पाहता पोलिसांत फिर्याद द्या.

जाहिरात, व्हॉट्सअॅपवरचे संदेश, भरलेल्या पावत्या आणि ‘युरोप-यूके दोन्ही चालेल’ असे लिहिलेले माहितीपत्रक जपून ठेवा. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.